शास्त्र शिकलं तर गाणं आटेल का?

पत्रलेखिका अठरा वर्षांची आहे. मिरजेजवळच्या एका गावात राहते, बारावी झाली आहे. नऊ वर्षं मिरजेत एका गुरुजींकडे ख्याल शिकते आहे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद नुकतीच पूर्ण झाली आहे. आता तिला कॉलेजात संगीत हाच मुख्य विषय घ्यायचा आहे, त्यातही संगीतशास्त्र, इतिहास आणि रचना. गुरुजी म्हणतात, "शास्त्र वाचून कुणाला गाणं आलंय? ती वर्षं रियाजाला दे." वडिलांचं कापडाचं छोटं दुकान आहे. ते म्हणतात, "बी.कॉम. कर, गाणं संध्याकाळी आहेच." ती गेली दोन वर्षं कुणाला न सांगता कवितांना, अभंगांना चाली लावते. 'सुंदर ते ध्यान'ला तिनं भूप रागात चाल बांधली आहे, पण शेवटच्या चरणाशी काहीतरी अडतं. गुरुजींना यातलं काही ठाऊक नाही. ती विचारते: "शास्त्राच्या नादी लागून माझं गाणं कोरडं होईल का? की मैफिलीत बसायची भीती वाटते म्हणून मी ही पळवाट शोधते आहे?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या मोठ्या प्रश्नांआधी त्या अडलेल्या चालीकडे बघू. तुझ्या बाकीच्या शंकांची उत्तरं मला तिथेच सापडतील असं वाटतं.

अभंगाची अक्षरं बोटांवर मोज. 'सुंदर ते ध्यान' सहा. 'उभे विटेवरी' सहा. 'कर कटावरी' सहा. आणि 'ठेवोनिया' चारच. मोठ्या अभंगाचं मापच सहा-सहा-सहा-चार असं आहे. पहिल्या तीन चरणांना तू सारख्या लांबीच्या स्वरओळी दिल्या असशील, तर चौथ्यात दोन अक्षरांची जागा रिकामी पडणारच, आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तर भरायच्याच आहेत. मग काय करायचं? 'या' लांबवायचा? 'ठेवोनिया' दोनदा म्हणायचं? की शब्द तिथेच सोडून उरलेली जागा पखवाजाला द्यायची? प्रत्येक निवडीनं विठोबाचं ते उभं राहणं वेगळं ऐकू येईल. 'या' लांबवलास तर नजर कटेवरच्या हातांवर रेंगाळते, शब्द झटकन संपवलास तर ती पुढच्या ओळीकडे जाते. गावातल्या भजनी मंडळात एक संध्याकाळ बसलीस तर याच अडचणीची निरनिराळी उत्तरं ऐकायला मिळतील. तू अडलीस ती अगदी नेमक्या जागी अडलीस.

हे जे आत्ता आपण केलं, तेच शास्त्र. यानं तुझी चाल कोरडी झाली का? मला तर वाटतं तुझ्या हाताशी एकाऐवजी तीन चाली आल्या.

तरीही गुरुजींना मी चूक म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जे शास्त्र आहे ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइडमधून पाठ करायचं शास्त्र. 'रागाची व्याख्या लिहा', 'वादी-संवादी सांगा', 'दोन रागांची तुलना करा', दहा ओळींत, पाच गुणांसाठी. त्या पाठांतरानं खरोखरच कुणाला गाणं आलेलं नाही. विशारदपर्यंत तूही ते केलंच असशील. तुझ्या मनातली कोरडेपणाची भीती तिथूनच आली असावी असा माझा अंदाज आहे.

तोच भूप घे. परीक्षेत तू लिहिलं असशील की भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे स्वरांनुसार पाडलेला रागांचा गट) राग, मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता जरा थांबून विचार कर. कल्याण थाट ओळखायचा तो तीव्र मध्यमावरून. भूपात मध्यमच नाही, ना शुद्ध ना तीव्र. मग तो कल्याणात बसवला कसा? आणि देसकारात हेच पाच स्वर, सा रे ग प ध, तरी तो बिलावल थाटात का? उत्तर हवं असेल तर तानपुरा लावून गावंच लागतं. भूप गंधाराशी वावरतो, त्याची चाल शुद्ध कल्याणाच्या आरोहाला अगदी खेटून जाते. देसकार वर धैवतावर उभा राहतो, सकाळचा, उत्तरांगातला, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात रमणारा राग. कागदावर दोघांचे स्वर तेच, पण गळ्यात देसकार घेताना धैवतावर जरा कमी थांबलीस की भूप डोकावतो. हा प्रश्न चांगल्या मास्तरांनी वर्गात टाकला तर सगळा तास गाण्यात जातो. तू शास्त्र शिकायला जाणार असशील तर अशा तासांसाठी जा.

दहा थाटांची ही मांडणी करणारे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे वकील. देशभर हिंडून त्यांनी उस्ताद-पंडितांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि तोही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, शिष्याचं समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. भातखंड्यांचे थाट कुठे तोकडे पडतात यावर पुढे पुष्कळ टीका झाली. कॉलेजात तीही वाचायला मिळाली पाहिजे. वाचनालयातून पहिला भाग आण आणि वीसएक पानं वाच. कंटाळा आला तर तेही कळेल, आणि ते कळणं अर्ज भरण्याआधी बरं.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस: ज्याला गाता येत नाही तो शास्त्राकडे वळतो. हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि त्यानं पुष्कळ नुकसान केलं आहे. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा शिकल्या, सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, स्वतःच्या बंदिशी बांधल्या आणि २०२४ मध्ये गेल्या तोवर मैफिलीही करत होत्या. त्यांच्या बाबतीत शास्त्र कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, सांगता येईल का?

आणि तुझ्या मिरजेचं उदाहरण तर गुरुजींनाही आवडेल. अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) किराणा घराण्याचे, मिरजेत स्थायिक झालेले, दर्ग्यात विसावलेले. त्यांच्या स्वराबद्दल गुरुजींनी तुला किती तरी सांगितलं असेल. त्याच खाँसाहेबांनी सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, संशोधनाला आपला गळा दिला. बावीस श्रुती नेमक्या कुठे आहेत हे मोजायचं होतं आणि त्यासाठी खात्रीचा स्वर हवा होता. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा श्रुतींचा हाच विषय ऐरणीवर होता. मोजणीचे निष्कर्ष सगळ्यांना पटले असं नाही. पण एवढा मोठा गवई मोजणाऱ्यांबरोबर बसला आणि त्याच्या गाण्याचं काही बिघडलं नाही, हे तुझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर घडलेलं आहे.

इतिहासाबद्दल तू फक्त अर्धं वाक्य लिहिलं आहेस, "सनावळ्या पाठ करायला जमतील." सनावळ्यांसाठी कॉलेजात जाऊ नकोस. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेत जन्मल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी चारचौघांत गाणं समाजाला रुचत नव्हतं, त्या काळात हिराबाई तिकीट लावलेल्या जाहीर मैफिलींत रसिकांसमोर बसून गायल्या. तुला मैफिलीत बसायची भीती वाटते, पण बसण्याची मुभा आहे हे तुला नवलाचं वाटत नाही. ती मुभा कुणी, काय किंमत मोजून मिळवली, हा संगीताचा इतिहास आहे. तसंच ७८ च्या तबकडीचं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला त्या तीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवावं लागलं. खाँसाहेबांच्या तबकड्या घड्याळ लावून ऐक, आलाप कधी संपतो, तान कधी येते, शेवट कसा साधतात ते टिपून ठेव. इतिहासाचा आणि रचनेचा धडा तुला एकाच वेळी मिळेल.

रचनेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती तू लपवून ठेवली आहेस. आपण परंपरेला ओलांडतो आहोत असं तुला वाटतं, हे तुझ्या शब्दांतून दिसतं. पण तू शिकतेस त्या प्रत्येक बंदिशीला कुणीतरी बांधलं आहे. सदारंग या मुद्रेमागे, म्हणजे बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावामागे, मोगल बादशहा मुहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातले नियामत खाँ होते. भातखंडेही 'चतुर' या नावानं लक्षणगीतं, म्हणजे रागाची लक्षणं सांगणारी गीतं, रचत. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. तो राजाच्या पदरी हिशेबाच्या खात्याचा अधिकारी होता (हे तुझ्या वडिलांना जरूर सांग). त्यात त्यानं रचनाकाराला वाग्गेयकार म्हटलं आहे. शब्द आणि स्वर दोन्ही ज्याच्या हाती आहेत तो. अशा माणसाला काय काय यावं याची यादीही दिली आहे: शब्दशास्त्र, छंद, अलंकार, रस आणि भाव, तालाची जाण, शिवाय दुसऱ्याची उष्टी उक्ती न उचलणं. सुमारे आठशे वर्षांपूर्वीची ही यादी म्हणजे रचनेचा चांगला अभ्यासक्रमच आहे. 'ठेवोनिया'शी तू अडलीस ती यातल्या छंदाच्या कलमापाशी.

म्हणून माझी पहिली विनंती अशी: अर्ज कुठे करायचा ते नंतर ठरव, आधी ती चाल गुरुजींना ऐकव. नऊ वर्षं शिकवणाऱ्या माणसाला हे दुसरीकडून कळलं तर वाईट वाटेल, आणि ते योग्यच असेल. "गुरुजी, मी चाल बांधली आहे, शेवटच्या चरणाशी अडते आहे, काय करू?" एवढंच म्हण. कॉलेजचा विषय त्या दिवशी काढू नकोस. कदाचित ते रागावतील, कदाचित पेटी ओढून घेऊन बसतील. गुरुजींच्या विरोधातही एक काळजी असणार. मुलगी कॉलेजात गेली की रियाज तुटतो, हॉस्टेलात पहाटे गायला जागा नसते, चार मास्तरांचे चार रंग चढून गळा कुणाचाच राहत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असेल. ही काळजी खरी आहे. कॉलेजच्या चार भिंतींत गायकी येत नाही, ती समोर बसूनच घ्यावी लागते. तेव्हा त्यांना सोडून जाण्याची भाषा नको, त्यांच्याकडची तालीम कशी चालू राहील याची आखणी घेऊन जा.

त्या दृष्टीनं आधी कोल्हापूर बघ. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे आणि मिरजेहून रेल्वेनं रोज जाऊन-येऊन करण्याजोगं अंतर आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीनं संगीत, नृत्य, नाट्य शिकवतं. तिथे नाटकवाली मुलं शेजारच्या वर्गात असतात, आणि चाली बांधणाऱ्या मुलीला त्यांच्यासारखी संगत दुसरी नाही. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची घडी अशोक रानडे यांनी बसवली. अभिजात, लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटगीत हे सगळं अभ्यासाचं आहे असं मानणारी दृष्टी त्यांनी मराठीत रुजवली. पण नावाला भुलू नकोस. अभ्यासक्रम आणि शिक्षक बदलत असतात, म्हणून यंदाचा अभ्यासक्रम मागवून घे आणि एक दिवस प्रत्यक्ष जाऊन वर्गात बस. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, रचना हा स्वतंत्र विषय आहे की नुसता तोंडी लावण्यापुरता, केलेली रचना कुणाकडून गाऊन-वाजवून घेता येते का, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात का, रियाजाला खोली आहे का आणि ती किती वाजता उघडते, किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर, हे सगळं विचार. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना चहा पाजून हेच प्रश्न पुन्हा विचार. रचनेच्या तासाला त्यांनी शेवटची काय रचना केली ते सांगता आलं नाही, तर तो विभाग तुझ्यासाठी नाही.

आता वडील. त्यांच्या बोलण्यात तुला विरोध दिसतो, मला त्यात एका दुकानदाराचा रास्त प्रश्न दिसतो: पुढे काय? त्यांना खरं तेच सांग. संगीताच्या पदवीनंतर पगाराच्या जागा थोड्या आहेत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि त्यानंतरही अनेकजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात. शाळांत काही जागा असतात. बाकीचं पोट शिकवण्या, साथसंगत, नाटक-मालिकांचं पार्श्वसंगीत, ध्वनिमुद्रण यांतून जोडून जोडून भरावं लागतं. आकाशवाणीची श्रेणी मिळाली तर मान मिळतो, संसार चालत नाही. हे तू आपणहून सांगितलंस तर तुझ्या बाकीच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसेल.

मग पर्याय मांड. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणानं. बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून आणि संगीत नियमित, असं जमू शकतं. मी यावर उड्या मारायला सांगणार नाही. रियाज धरून हे तिहेरी ओझं आहे आणि परीक्षांच्या महिन्यात आधी रियाजच मागे पडतो. तुला हिशेबाची आवड अजिबात नसेल तर नकोच. दुसरी वाट अशी की नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. तुझ्या विद्यापीठात ती कशी लागू आहे ते विचार आणि वडिलांना म्हण, एक वर्ष द्या, मग पुन्हा बसून बोलू. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्तीही आहे, अठरा ते पंचवीस वयासाठी, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. निवड चाचणीतून होते. त्याची जाहिरात शोधत राहा.

राहिली भीती. अठराव्या वर्षी मैफिलीत बसायला भीती वाटणं हा तुझ्या गाण्यावरचा निकाल नाही, आणि पळवाट म्हणून कॉलेज निरुपयोगीच आहे, कारण तिथेही प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांसमोर बसावंच लागतं. पण स्वतःला एक प्रश्न विचार, घाईनं उत्तर देऊ नकोस: मोकळी दुपार मिळाली तर तुझा हात आपोआप कुठे जातो? तानांकडे, की कवितेच्या वहीकडे? चालींकडे जात असेल तर तू रचनाकार होऊ बघते आहेस, आणि रचनाकाराचं व्यासपीठावर न बसणं कुणी कमीपणाचं मानत नाही. गीतरामायणाच्या वेळी सुधीर फडक्यांना पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक नवं गीत द्यायचं होतं. असं छप्पन्न वेळा करायचं तर रागांचा, छंदांचा, गळ्यांचा किती साठा मनात तयार हवा, याचा अंदाज कर.

ज्यांना चित्रपटाकडे, वाद्यवृंदाकडे जायचं आहे अशा वाचकांना एवढंच सांगते की पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिका. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच ती शिकत. तिथून आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा वादक-संयोजकांमुळे मुंबईच्या संगीतकारांच्या मनातल्या चाली पन्नास-पन्नास वादकांच्या हातात पोचल्या. तुझ्यासाठी, मैत्रिणी, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम.

आणि जे चाळिशीत आहेत, ज्यांना कॉलेज शक्य नाही, त्यांनी गाणं शिकतानाच एक वही वेगळी ठेवावी. आठवड्याला एक जुनी बंदिश घ्यायची. तिचा मुखडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो, कोणत्या शब्दावर कोणता स्वर थांबतो, एवढंच लिहायचं. मग त्याच रागात, त्याच तालात दोन ओळी स्वतः बांधायच्या. एखाद्या जाणत्या माणसाला महिन्यातून एकदा ऐकवायच्या.

तूही प्रवेशाच्या निकालाची वाट न बघता ही वही सुरू कर. 'ठेवोनिया'च्या तिन्ही चाली भातखंडे स्वरलिपीत लिहून काढ, प्रत्येकीवर तारीख घाल. प्रवेशाच्या मुलाखतीला जाशील तेव्हा ती पानं बरोबर ने, आणि त्यांनी विचारलं नाही तरी दाखव.